स्तनपुनर्रचनेनंतर स्पर्श कळतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्तनाच्या कर्करोगात स्तन काढून (याला मास्टेक्टॉमी म्हणतात) नवा घडवायचं (ही पुनर्रचना) ठरलं की आकार, व्रण, खर्च, हॉस्पिटलात किती दिवस राहावं लागेल, यावर बरंच बोलणं होतं. त्या जागी हात लागलेला कळेल का, हे मात्र बहुतेक बायका ऑपरेशननंतर विचारतात. स्पर्श वाचवण्याचे किंवा परत आणण्याचे बरेचसे मार्ग ऑपरेशनच्या टेबलावरच खुले असतात. त्यामुळे हा प्रश्न आधी विचारलेला बरा. ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलं आहे त्यांच्यासाठीही पुढे बरंच काही आहे.

मास्टेक्टॉमीनंतर छाती बधिर का होते?

स्तनाला संवेदना देणारे मज्जातंतू बरगड्यांच्या मधून येतात. दुसऱ्यापासून सहाव्या बरगडीपर्यंतच्या या तंतूंच्या काही फांद्या काखेच्या बाजूने आणि काही छातीच्या मधल्या हाडाजवळून पुढे येतात. निपलची संवेदना मुख्यतः चौथ्या तंतूच्या बाजूच्या फांदीतून येते, तिसरा आणि पाचवा तिला साथ देतात. यातल्या बऱ्याच फांद्या स्तनाच्या ग्रंथीतून किंवा तिला लागून त्वचेपर्यंत पोचतात. ग्रंथी काढताना त्या तुटतात. त्वचा जागेवर राहते, पण तिची मेंदूशी जोडणी सुटते.

गळ्याच्या हाडाखालच्या पट्ट्यात मानेकडून येणारे वेगळे तंतू असतात. म्हणून तिथे बहुतेकींना कळत राहतं आणि मधला भाग मात्र दातांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर ओठ होतो तसा लागतो. असतो, पण आपला वाटत नाही.

पुनर्रचनेने आकार येतो. इम्प्लांट सिलिकॉनचं, त्याला संवेदना नसते. पोटाची किंवा पाठीची चरबी आणि त्वचा आणून बसवली, म्हणजे फ्लॅप केला, तरी तिथून उचलताना तिचेही मज्जातंतू तुटलेले असतात.

म्हणजे माझ्या ऑपरेशनमध्ये काही चुकलं का?

नाही. बधिरपणा ही मास्टेक्टॉमीत अपेक्षित असलेली गोष्ट आहे, गुंतागुंत नव्हे. पण अपेक्षित आहे म्हणून ती सांगायची नाही, हे काही पटत नाही. संमतीपत्रावर सही घेताना रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाबद्दल जसं बोलतात, तसं याबद्दलही दोन वाक्यं बोलायला हवीत. कोणी बोललं नाही तर आपण विचारावं. कर्करोगासारख्या आजारात असलं काय विचारायचं, असा संकोच नको.

स्पर्श वाचवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग कोणता?

शक्य असेल तिथे स्तन न काढणं. पुनर्रचनेबद्दलच्या पानावर हे उत्तर विचित्र वाटेल, पण खरं तेच आहे.

गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढायचा आणि नंतर रेडिएशन द्यायचं, याला स्तन वाचवणारी शस्त्रक्रिया म्हणतात. इटलीतल्या मिलानमध्ये आणि अमेरिकेत १९७० च्या दशकात सुरू झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांत काही स्त्रियांचा पूर्ण स्तन काढला, काहींचा वाचवला. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांतल्या स्त्रियांचं आयुर्मान सारखंच निघालं. स्तन वाचवल्यावर त्याच स्तनात पुन्हा गाठ येण्याची शक्यता थोडी राहते, म्हणूनच रेडिएशन टाळायचं नसतं. गाठ मोठी असेल तर आधी केमो देऊन ती लहान करता येते का, हेही पाहतात.

आपल्याकडे अडचण वेगळीच असते. घरातली चार माणसं जमतात आणि ‘एकदाचं सगळं काढून टाका, नंतर कटकट नको’ असं ठरतं. जिचा स्तन आहे ती बोलतेच असं नाही. सगळं काढलं म्हणजे जास्त सुरक्षित हा समज, स्तन वाचवणं शक्य असलेल्या बहुतेकींच्या बाबतीत खरा नसतो. अर्थात काहींना पर्याय नसतो. एकाच स्तनात दूरदूर अनेक गाठी असणं, आधी त्याच जागी रेडिएशन झालेलं असणं किंवा त्वचेपर्यंत पसरलेला आजार, अशा वेळी बहुतेकदा मास्टेक्टॉमीच करावी लागते. स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष असला तर निर्णय आणखी वेगळा होतो आणि त्यासाठी जनुकीय सल्लागाराशी बोलावं.

निपल वाचवणारी मास्टेक्टॉमी केली तर निपलला कळेल ना?

बऱ्याचदा नाही. या शस्त्रक्रियेत त्वचा आणि निपल ठेवतात, आतली ग्रंथी काढतात. दिसायला फार चांगलं राहतं, पण निपलकडे जाणारे तंतू ग्रंथीबरोबर गेलेले असू शकतात. काही जणींना थोडी संवेदना राहते, बहुतेकींची खूप कमी होते. गारठ्यात निपल ताठ होतं आणि ‘म्हणजे नस जिवंत आहे’ असं वाटतं. ते आतल्या आपोआप आकसणाऱ्या स्नायूंचं काम आहे, स्पर्श कळण्याशी त्याचा संबंध नाही.

मज्जातंतू वाचवणारी मास्टेक्टॉमी म्हणजे काय?

ग्रंथी काढतानाच काखेच्या बाजूच्या आणि मधल्या हाडाजवळच्या फांद्या शोधून, जिथे त्या ग्रंथीच्या आत शिरत नाहीत तिथे त्यांना हळुवार मोकळं करून जपायचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. ॲन पेलेड यांचं नाव या कामात पुढे येतं. त्या स्वतः स्तनाच्या शस्त्रक्रिया करतात आणि त्यांना स्वतःलाही स्तनाचा कर्करोग झाला होता. त्यांचे पती डॉ. झिव्ह पेलेड मज्जातंतूंचे सर्जन आहेत आणि दोघांनी मिळून ही पद्धत पुढे नेली.

एक मर्यादा मात्र पक्की लक्षात ठेवावी. तंतू ज्या भागातून जातो तिथेच गाठ असेल तर तंतू वाचवण्यासाठी गाठीचा अंश मागे ठेवणं कोणताही शहाणा सर्जन करणार नाही. कर्करोग पूर्ण निघणं पहिलं, स्पर्श त्याच्यानंतर.

पोटाच्या फ्लॅपमध्ये मज्जातंतू जोडतात म्हणे. ते कसं?

पोटाच्या खालच्या भागातली त्वचा आणि चरबी, स्नायू जागेवर ठेवून, रक्तवाहिन्यांसकट उचलायची आणि छातीवर बसवायची, या पद्धतीला डीआयईपी फ्लॅप म्हणतात. स्तनासाठी तिचा वापर १९९० च्या दशकात सुरू झाला. फ्लॅप जिवंत राहावा म्हणून त्याच्या रक्तवाहिन्या छातीच्या मधल्या हाडालगतच्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात.

गंमत अशी की जिथे हे काम चाललेलं असतं तिथेच शेजारी, साधारणपणे तिसऱ्या बरगडीजवळ, छातीच्या एका संवेदी तंतूची फांदी असते. आणि पोटाचा तुकडा उचलताना त्याला संवेदना देणारा एक तंतूही सोबत घेता येतो. दोन टोकं जुळवायची आणि केसाहून बारीक धाग्याने टाके घालायचे. अंतर राहिलं तर मध्ये दुसऱ्या तंतूचा तुकडा घालतात. अमेरिकेत त्यासाठी प्रक्रिया केलेला दात्याचा तंतूही वापरतात. तासन्‌तास चालणाऱ्या शस्त्रक्रियेत हे काम तुलनेने थोड्या वेळाचं आहे.

जोडलं म्हणजे दुसऱ्या दिवशी कळायला लागतं असं नाही. तुटलेल्या तंतूचा पुढचा भाग आधी झिजून जातो, उरते ती रिकामी नळी. तिच्यातून नवा तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर या वेगाने वाढत जातो, म्हणजे महिन्याला तीन सेंटिमीटर. त्वचेपर्यंत पोचून मेंदूला तो संदेश ओळखू येईपर्यंत महिने जातात. सुधारणा वर्ष-दोन वर्षं चालू राहते.

फायदा किती? नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या विद्यापीठ रुग्णालयात डॉ. स्टेफानिया ट्यूंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरंच काम केलं आहे. तिथल्या आणि इतर ठिकाणच्या अभ्यासांत तंतू जोडलेल्या फ्लॅपमध्ये संवेदना न जोडलेल्यांपेक्षा चांगली आढळली. पण पूर्वीसारखी संवेदना, विशेषतः निपलची आणि लैंगिक सुखाची, परत येईल असं आश्वासन कोणी दिलं तर सावध व्हावं. हलका हात लागलेला कळणं, गरम-गार कळणं, टोचलेलं कळणं, इतपत अपेक्षा ठेवणं रास्त आहे. आणि तेवढंही थोडं नाही.

पोटाची किंमतही मोजावी लागते. बेंबीखालचा पट्टा बराच काळ बधिर राहतो, तिथल्या व्रणाजवळ काहींना कायमचा.

इम्प्लांट बसवलं तर तंतू जोडता येतात का?

येतात, पण काम अवघड आहे. काखेच्या बाजूचं तंतूचं तुटलेलं टोक शोधून तिथून निपलच्या मागच्या बाजूपर्यंत तंतूचा तुकडा घालून पूल बांधतात. ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे. तंतू न जोडता नुसतं इम्प्लांट असेल तर स्वतःच्या ऊतींच्या फ्लॅपपेक्षा संवेदना साधारणतः कमी परतते.

इम्प्लांटवाल्यांची आणखी एक तक्रार असते, पोहून आल्यावर किंवा थंडीत तो स्तन बराच वेळ गार लागतो. इम्प्लांटला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, ते हळू तापतं. काळजीचं कारण नाही.

काहीच जोडलं नाही तर आपोआप काही परत येतं का?

थोडं येतं, कडेकडेने येतं आणि सगळीकडे सारखं येत नाही. आजूबाजूच्या त्वचेतले तंतू आत पसरतात. काहींना सहा महिन्यांत फरक जाणवतो, काहींना वर्षानंतर. मधला भाग सगळ्यात मागे राहतो. रेडिएशन झालेल्या त्वचेत परतावा कमी असतो. दोन वर्षांनंतर फार मोठा बदल सहसा होत नाही.

मधूनच करंट लागल्यासारखी चमक येते. आजार उलटला का?

बहुधा नाही. झिणझिण्या, मुंग्या, विजेसारखी चमक, आणि खाजवायला गेलं तर सापडत नाही अशी खाज ही बहुतेक वेळा वाढणाऱ्या तंतूंची लक्षणं असतात. काढलेल्या निपलला खाज सुटते असंही काही जणी सांगतात. पाय कापलेल्या माणसाला पाय दुखल्याचं जाणवतं, त्याच जातीतलं हे.

पण चमकेबरोबर नवी गाठ, त्वचेवर लाली किंवा पुरळ, व्रणातून पाणी येणं, किंवा हाडात सतत वाढतं दुखणं असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवून घ्यावं.

बधिर आहे, पण दुखतंही. असं कसं?

दोन्ही एकत्र असू शकतं. तुटलेल्या तंतूच्या टोकाशी कधी वेड्यावाकड्या तंतूंची बारीक गाठ बनते. तिच्यावर ब्लाउजची शिवण घासली तरी जीव जातो. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून जास्त टिकणारं असं दुखणं बऱ्याच जणींना असतं आणि ‘आता जगलीस ना, सहन कर’ हे त्यावरचं उत्तर नव्हे.

साध्या वेदनाशामक गोळ्या यावर फारशा चालत नाहीत. गॅबापेंटिन, प्रीगॅबलिन, ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन ही मज्जातंतूंच्या दुखण्यावरची औषधं डॉक्टर हळूहळू डोस वाढवत देतात. टॅमॉक्सिफेन ही हार्मोनची गोळी चालू असेल तर ते आवर्जून सांगावं, कारण ड्युलॉक्सेटिनसारखी काही औषधं त्याच्या कामात अडथळा आणू शकतात. एकाच ठिकाणी दाबल्यावर कळ येत असेल तर तिथे भूल देणारं इंजेक्शन देऊन पाहतात. त्याने आराम पडला तर ती गाठ काढून टोक स्नायूत वळवण्याची शस्त्रक्रिया होऊ शकते. टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कर्करोग रुग्णालयांत वेदनानिवारणाचा वेगळा विभाग असतो. तिकडे पाठवा, असं स्पष्ट म्हणावं.

स्तनाचं ऑपरेशन झालं, मग दंडाची आतली बाजू का बधिर?

काखेतल्या लसिका गाठी काढताना तिथून दंडाकडे जाणारा एक तंतू ताणला किंवा तुटला जातो. काखेत रेझर फिरवताना कापलेलं कळत नाही ते यामुळे, तेव्हा तिथे ट्रिमर वापरावा. सगळ्या गाठी काढण्याऐवजी कर्करोग सर्वांत आधी जिथे पोचू शकतो त्या पहिल्या एक-दोन ‘पहारेकरी’ गाठी तपासून भागत असेल तर हा त्रास कमी होतो. ते शक्य आहे का, हे ऑपरेशनआधी विचारावं.

घरात काय जपायचं?

सगळ्यात जास्त जपायचं ते शेकापासून. पाठ दुखली, पोट दुखलं, खांदा आखडला की आपला हात आधी गरम पाण्याच्या पिशवीकडे जातो. बधिर छातीवर ती पिशवी ठेवली आणि डोळा लागला तर त्वचा भाजून फोड येईपर्यंत काही कळत नाही. अशा भाजण्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत अनेकदा नोंदल्या गेल्या आहेत. गरम पिशवी, विजेचा शेक, हेअर ड्रायर, अगदी गडद रंगाच्या कपड्यातून लागलेलं कडक ऊनसुद्धा त्यांत आहे. फ्लॅपच्या त्वचेला उष्णता रक्तातून वाहून नेणंही नीट जमत नाही, त्यामुळे एरवी सोसवेल असा शेकही तिला भाजतो. इम्प्लांटवरची त्वचा पातळ असते, तिथे खोल भाजलं तर इम्प्लांट उघडं पडण्याचा धोका असतो.

म्हणून छातीवर शेक नाही म्हणजे नाही. सासूबाईंनी तव्यावर कापड गरम करून दिलं तरी नाही. बर्फही थेट नको. आंघोळीचं पाणी कोपराने किंवा ज्या हाताला नीट कळतं त्या हाताने पाहावं. केमोमुळे बोटंही बधिर झाली असतील, पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधानंतर असं होतं, तर घरातल्या दुसऱ्या कोणाला पाहायला सांगावं. फोडणी देताना, पुऱ्या तळताना अंगावर जाड सुती ॲप्रन असावा. वाफ घेताना डोक्यावरून टॉवेल घेऊन पातेल्यावर ओणवं होतो, तेव्हाही छाती झाकलेली असू द्यावी.

पदराला छातीशी सेफ्टी पिन लावायची सवय असेल तर ती सोडावी, पिन टोचून राहिली तरी कळणार नाही. तारेची ब्रा, घट्ट ब्लाउज, खांद्यावरून आडवी घेतलेली जड पर्स यांचे वळ रात्री आरशात पाहावेत.

भाजलंच तर नळाचं वाहतं पाणी वीस मिनिटं. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नये, आणि लहान डाग दिसला तरी सर्जनना दाखवावा, कारण ‘दुखत नाही’ हा निकष इथे चालत नाही.

संवेदना वाढवायला काही व्यायाम आहे का?

आहे. हाताची नस तुटलेल्यांना फिजिओथेरपिस्ट जे शिकवतात तेच इथे वापरतात. जखम पूर्ण भरल्यावर, सर्जनच्या परवानगीने, रोज पाच-दहा मिनिटं आरशासमोर बसायचं. कापूस, मऊ सुती कापड, टॉवेल, मेकअपचा ब्रश असं एकेक घेऊन आधी चांगल्या बाजूला फिरवायचं, मग तेच बधिर बाजूला, डोळे उघडे ठेवून. मग डोळे मिटून. मेंदूला कमजोर संदेश ओळखायला शिकवायचं, हा त्यामागचा विचार. स्तनाच्या बाबतीत याचा पुरावा अजून मर्यादित आहे, पण खर्च नाही आणि अपायही नाही. उलट काहींना नुसता स्पर्शच असह्य होतो. त्यांनी सगळ्यात मऊ वस्तूपासून सुरुवात करून हळूहळू खरखरीतपणाकडे जावं.

संवेदना किती आहे हे मोजतात कसं?

वेगवेगळ्या जाडीचे नायलॉनचे तंतू असतात, ते वाकेपर्यंत त्वचेवर टेकवतात आणि डोळे मिटलेल्या पेशंटने ‘कळलं’ म्हणायचं. सेम्स-वाइनस्टाइन तंतू हे त्यांचं नाव. कुष्ठरोगाच्या आणि मधुमेहींच्या पायांच्या तपासणीसाठी हे आपल्याकडे कित्येक वर्षं वापरात आहेत, म्हणजे साधन दुर्मीळ नाही, ते छातीसाठी वापरायचं सुचायला हवं. ऑपरेशनआधी एकदा मोजून ठेवलं तर नंतर तुलना करता येते.

मिश्री लावते. त्याने फरक पडतो का?

पडतो. मिश्री म्हणजे तंबाखूच. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्वचा आणि फ्लॅप काळे पडण्याचा धोका वाढतो, आणि रक्त नाही तिथे तंतू वाढणार कसा? बिडी-सिगारेट ओढत नाही एवढंच सांगून बायका मिश्रीचं नाव काढत नाहीत. ते सांगावं आणि ऑपरेशनच्या किमान महिनाभर आधीपासून बंद करावी. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणणं तितकंच महत्त्वाचं.

नवरा जवळ येतो तेव्हा काहीच वाटत नाही. याबद्दल कोणाशी बोलू?

आधी त्याच्याशीच. तो पूर्वीच्या सवयीने हात लावतो आणि तुम्ही गप्प राहता, मग तो समजतो की तुम्हाला तो नकोसा झाला आहे. किंवा दुखेल या भीतीने तो हातच लावत नाही आणि तुम्ही समजता की त्याला तुमची किळस येते. कुठे कळतं, कुठे कळत नाही, कुठे नको वाटतं, हे त्याचा हात धरून दाखवलं तर शब्दही फार लागत नाहीत. दुसरा स्तन, मान, पाठ इथली संवेदना शाबूत आहे. कोरडेपणा आणि इच्छा कमी होणं हे बऱ्याचदा हार्मोनच्या गोळ्यांमुळे असतं आणि त्यावर उपाय आहेत. ओपीडीच्या गर्दीत हे विचारणं अवघड जातं, म्हणून नर्स किंवा समुपदेशकाला वेगळा वेळ मागावा.

बधिर स्तनात पुन्हा गाठ आली तर कळेल का?

गाठ हाताला लागते, ती स्तनाला कळायची गरज नसते. महिन्यातून एकदा बोटांनी चाचपावं आणि आरशात पाहावं. जंतुसंसर्गात मात्र दुखण्याचा इशारा मिळणार नाही, म्हणून लाली, सूज, ऊब, ताप यांवर डोळा ठेवावा. इम्प्लांट बसवून काही वर्षं झाल्यावर अचानक एका बाजूला सूज आली तर लगेच दाखवावं.

विमा कंपनी म्हणते ही सौंदर्याची शस्त्रक्रिया आहे.

भारतातल्या विमा नियामकाने आरोग्य विम्यासाठी ठरवून दिलेल्या अपवादांच्या मजकुरात सौंदर्यवर्धक आणि प्लास्टिक सर्जरी वगळलेली आहे, पण त्याच वाक्यात अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना यांना सूट आहे. पॉलिसीच्या कागदांत ‘अपवाद’ या भागात हे कलम सापडेल. पूर्वपरवानगीच्या अर्जात सर्जनकडून ‘कर्करोगानंतरची पुनर्रचना’ असं स्पष्ट लिहून घ्यावं, आणि नकार आला तर तो लेखी मागावा.

माझं ऑपरेशन होऊन आठ वर्षं झाली. आता काही होईल का?

तंतूची गाठ असेल तर दुखण्यावर आताही इलाज होतो. इम्प्लांट काही कारणाने काढायचंच असेल आणि जागी पोटाचा फ्लॅप बसवायचा असेल, तर त्याच वेळी तंतू जोडता येईल का हे सूक्ष्मशस्त्रक्रिया करणाऱ्या प्लास्टिक सर्जनना विचारावं. केवळ संवेदनेसाठी मोठं ऑपरेशन पुन्हा करावं असं मी कोणाला सुचवणार नाही. निपलचा टॅटू करायचा राहिला असेल तर तो मात्र खुशाल करून घ्या. सुई टोचल्याचं बहुतेकींना फारसं जाणवत नाही.